मालकी सभासदाची, पाळी कोणाच्या हाती?



आपण समाजवादी मंडळी मालकीचा जितका विचार करतो तितका सत्तेचा करीत नाही. मालकी बदलली की सत्तेची विषमता आपोआप ओसरेल, अशी आपली श्रद्धा होती. बर्ट्रांड रसेल यांनी १९३८ सालच्या ‘पॉवर’ या ग्रंथात या श्रद्धेवर आक्षेप घेतला. सत्तेची ओढ ही संपत्तीच्या ओढीतून निव्वळ निपजलेली नसून ती स्वतंत्र प्रेरणा आहे, असे त्यांच्या म्हणण्याचे सार. हा आक्षेप पारखण्यासाठी दूर जायला नको. आपला सहकारी साखर कारखाना पुरेसा आहे.

प्रवरानगरचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ तेथे अध्यक्षपदी होता. ऊस पिकविणारा कारखान्याचा मालक झाला; भाग कितीही असोत, मत एकच. ही सामान्य घटना नव्हती, आणि तिची टिंगल करणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही.

परंतु मत पाच वर्षांतून एकदा द्यायचे असते. ऊस दरवर्षी तुटावा लागतो. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो. पक्व झाल्यावर तोड लांबली की तुरा येतो, ऊस वाळतो, वजन घटते. आणि पैसे तर टनावर मिळतात. टोळी कोणाच्या फडात केव्हा पाठवायची हे कारखान्याचे शेतकी खाते ठरविते, आणि ते खाते संचालकांच्या हाताखाली. बोलक्या सभासदाचा ऊस मागे ठेवावा, असे कोणत्याही पोटनियमात लिहिलेले नसते. लिहिण्याची गरजही नसते. वार्षिक सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारायला उठणाऱ्याला आपला उभा ऊस दिसू लागतो, तो खाली बसतो, आणि ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात विषयपत्रिका संपते.

अध्यक्ष दुष्टच असावा लागतो असे नाही. रोज सकाळी दारात पन्नास माणसे ‘साहेब, तेवढी तोड द्या’ म्हणून उभी राहू लागली, की भल्या माणसालाही आपण हक्क देत नसून उपकार करीत आहोत असे वाटू लागते. उलट, अवर्षणाने ऊस कमी पडला की कारखान्याची माणसे शेतकऱ्याच्या बांधावर येतात, आणि तेच साहेब मोठे मृदू होतात! स्वभाव तोच; बदललेली असते ती गरज.

म्हणून माझा आग्रह संस्थेच्या रचनेवर आहे. सत्त्याण्णवाव्या घटनादुरुस्तीने (२०११) संचालकांची संख्या २१ पर्यंत मर्यादित केली, मुदत पाच वर्षे ठरविली, निवडणुकीसाठी स्वतंत्र यंत्रणेची तरतूद केली. राज्यांतर्गत संस्थांपुरता तो भाग सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली रद्द ठरविला, ते असो. विचार झाला तो मतपेटीचा. तोडीच्या पाळीचा नाही. लागणीच्या नोंदीनुसार पाळीची यादी गावोगावी फलकावर लागावी, ती मोडल्यास तक्रार संचालकांनी न नेमलेल्या माणसाकडे जावी, वजनकाट्याची तपासणी सभासदांसमोर व्हावी. या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींनी जे साधेल ते अध्यक्षांच्या हृदयपरिवर्तनाने साधणार नाही. कारखाना खाजगी मालकाला विकावा, हा उपाय तर मला उपायच वाटत नाही. तेथे मतही जाते आणि पाळी त्याच्याच हाती राहते.

आणखी एक. बीडकडून येणारे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरले जातात. ते उचल घेऊन येतात, हंगामभर फडात राबतात. या साऱ्या लोकशाहीत ते सभासद नाहीत. पाळीची यादी लागली तरी तिच्यावर त्यांचे नाव असणार नाही, आणि त्यांच्या बाजूने ‘नामंजूर’ म्हणायला सभेत कोणी बसलेलेही नसते.