बांधण्याआधी बोलणं
६ ऑगस्ट २००१च्या पहाटे तमिळनाडूतल्या एरवाडीत मनोरुग्णांच्या एका आश्रमाला आग लागली. २८ जण गेले. साखळदंडांनी जखडलेल्या माणसांना पळताच आलं नाही.

२०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं साखळदंडांवर पूर्ण बंदी घातली. रुग्णालयातही रुग्णाला बांधायचं ते त्याला किंवा इतरांना तत्काळ इजा होणार असेल, दुसरा उपायच नसेल तरच. तेही मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं, गरजेपुरताच वेळ. शिक्षा म्हणून नाही, आणि केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणूनही नाही. ही शेवटची अट मला फार मोलाची वाटते. कारण बिथरलेल्या माणसाभोवतीची गर्दी हटवणं, हळू आवाजात बोलणं, त्याला काय हवंय ते विचारणं, याला माणसंच लागतात.

घरी असा प्रसंग आला, तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.