सोळा बिंदूंचा तांब्या



ब्लेंडर हे त्रिमितीय मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर उघडलं की पडद्याच्या मधोमध एक राखाडी घन दिसतो. आठ शिरोबिंदू, बारा कडा, सहा पृष्ठं. शाळेत ऑयलरचं सूत्र शिकलेल्यांना हे आकडे ओळखीचे वाटतील. घन निवडून ‘टॅब’ दाबलं की त्याची जाळी, म्हणजे मेश, संपादनासाठी खुली होते. मग 1 दाबून बिंदू निवडायचे, 2 दाबून कडा, 3 दाबून पृष्ठं. निवडलेला भाग ‘जी’नं सरकतो, ‘आर’नं फिरतो, ‘एस’नं लहानमोठा होतो.

इथवर आलेले बहुतेक नवशिके लगेच घनाचे तुकडे पाडायला घेतात. एकदा विभागलं की 6 पृष्ठांची 24 होतात, पुन्हा विभागलं की 96, मग 384. बिंदू भरपूर असले की आकार मनासारखा घडेल, असं त्यांना वाटतं. पण मग एखादा भाग जरासा फुगवायचा म्हटलं तरी पन्नास बिंदू हलवावे लागतात, आणि त्यातले दोन मागे राहिले तर तिथे खळगा पडतो. म्हणून माझा आग्रह असा, की सुरुवातीला बिंदू अगदी मोजके ठेवा आणि प्रत्येक बिंदू तिथे का आहे हे स्वतःला विचारा.

हा विचार या कलेच्या जन्मापासूनचा आहे. 1972 साली अमेरिकेत युटा विद्यापीठात शिकणाऱ्या एडविन कॅटमल यांनी स्वतःच्या डाव्या हाताचा प्लास्टरचा साचा केला आणि त्यावर सुमारे 350 त्रिकोण आणि बहुकोन आखले. त्यांच्या कोपऱ्यांची मापं घेऊन ती संगणकात भरली आणि पडद्यावर हाताची बोटं हलली. रेघ कुठे ओढायची, हे आधी प्लास्टरवर ठरलं. बोट जिथे वाकतं तिथे रेघा हव्यातच. तळहाताच्या सपाट भागावर थोड्या पुरतात. पुढे 1978 साली कॅटमल आणि जिम क्लार्क यांनी खडबडीत जाळीवरून गुळगुळीत पृष्ठभाग काढण्याची रीत मांडली. ब्लेंडरमधला ‘सबडिव्हिजन सरफेस’ हा मॉडिफायर याच रीतीवर चालतो. गुळगुळीतपणा तो देतो. आपण फक्त सांगाडा नीट उभा करायचा.

आता एक तांब्या करू. घन काढून टाका आणि एक वर्तुळ घ्या. ब्लेंडर त्याला 32 बिंदू देतं. डाव्या कोपऱ्यातल्या चौकटीत तो आकडा 16 करा. ही झाली बुडाची कड. ‘टॅब’ दाबून जाळी खुली करा, सगळे बिंदू निवडा, ‘ई’ दाबा, म्हणजे एक्स्ट्रूड, आणि ‘झेड’ दाबून सरळ वर ओढा. ‘एस’नं रुंद करा: पोट फुगायला लागलं. पुन्हा ‘ई’, पुन्हा ‘एस’. पोटाचा सगळ्यात रुंद भाग, मग खांदा, मग आवळलेला गळा, शेवटी बाहेर वळलेला काठ. सहा-सात कड्यांत तांब्याची ओळख पटते. एक खरा तांब्या शेजारी ठेवा आणि बाजूनं पाहत राहा. पोट नेमकं कुठे वळतं, गळ्याची उंची किती, हे डोळ्यांनी टिपणं हाच या कामातला मोठा भाग आहे.

बूड अजून उघडं आहे. तिथे ‘एफ’ दाबलं तर सोळा बाजूंचं एकच पृष्ठ तयार होतं. 2012 पर्यंत ब्लेंडरमध्ये तीन किंवा चारच बाजूंची पृष्ठं चालत. त्या वर्षी आलेल्या 2.63 आवृत्तीपासून कितीही बाजू चालतात. तरी मी चार बाजूंचाच आग्रह धरते. ‘लूप कट’, म्हणजे जाळीत नवं कडं टाकणारा काप, चौकोनांच्या रांगेतूनच धावतो. रांगेत वेगळं पृष्ठ आलं की तो तिथे थांबतो. म्हणून बुडाची कड निवडून ‘ई’ आणि लगेच ‘एस’नं आत एक कडं काढा आणि मग ‘ग्रिड फिल’ वापरा. सोळा बिंदूंच्या आत चार बाय चार चौकोनांची जाळी नेमकी बसते.

मॉडिफायर लावला की बुडाची कड गोल होऊन तांब्या डुगडुगेल असा दिसतो. ‘कंट्रोल’ आणि ‘आर’ दाबून कडेच्या अगदी जवळ एक नवं कडं टाका. जितकं जवळ, तितकी कड टोकदार. इथे बिंदू वाढवायला माझी मुळीच हरकत नाही, कारण त्यांना काम आहे. भांड्याला जाडी देण्यासाठी ‘सॉलिडिफाय’ लावा, पण तो यादीत ‘सबडिव्हिजन’च्या वर ठेवा, म्हणजे काठ छान गोलसर येतो.

एक घोटाळा जवळजवळ प्रत्येकाचा होतो. ‘ई’ दाबायचं, मग विचार बदलायचा आणि उजवं बटण दाबून रद्द करायचं. रद्द होतं ते फक्त ओढणं. नवे बिंदू जुन्यांवर तसेच बसून राहतात. डोळ्यांना काही दिसत नाही, पण गुळगुळीत केल्यावर तिथे विनाकारण चुणी पडते. सगळं निवडा, ‘एम’ दाबा, ‘मर्ज बाय डिस्टन्स’ घ्या. किती बिंदू गेले ते खाली लिहून येतं. पृष्ठं आतबाहेर उलटी झाली असतील तर ‘शिफ्ट’ आणि ‘एन’. त्रिमितीय छपाईला मॉडेल पाठवणार असाल तर या दोन्ही तपासण्या टाळू नका.

हे सॉफ्टवेअर सर्वांसाठी मोफत आहे, तेही सहजासहजी झालेलं नाही. त्यामागची कंपनी बंद पडल्यावर, 2002 साली, टॉन रोसेंडाल यांनी लोकांना हाक दिली. सात आठवड्यांत एक लाख युरो जमले आणि ब्लेंडर खुलं झालं. 2025 साली ऑस्कर मिळवणारा ‘फ्लो’ हा लॅटव्हियाचा चित्रपट याच ब्लेंडरमध्ये घडला. तालुक्याच्या गावातल्या साध्या संगणकावर एखादी मुलगी आज तेच अवजार वापरू शकते, याचा मला मनापासून आनंद आहे.

तांब्या जमला की झारी करून पाहा. पोटावरची शेजारशेजारची चार पृष्ठं निवडून काढून टाका, भोकाच्या आठ बिंदूंना गोलसर बसवा आणि ती कड ‘ई’नं बाहेर ओढा: तोटी निघाली. जोडाच्या चार कोपऱ्यांवर आता पाच-पाच कडा एकत्र आलेल्या दिसतील. गुळगुळीत केल्यावर उजेड नेमका तिथेच बिचकतो. ते चार बिंदू टाळता येत नाहीत, पण पोटाचं वळण जिथे सौम्य आहे तिकडे हळूहळू सरकवता येतात. दिव्याची दिशा बदलत राहा आणि डाग दिसेनासा होईपर्यंत ते सरकवत राहा.