आधी माप, मग कात्री

आदरणीय गुरुजन आणि १९९६ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

स्टेजवर बोलायची सवय मला शाळेतही नव्हती. म्हणून एकच गोष्ट सांगते, तीही माझ्या फजितीची.

नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलं, तेव्हा पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते मार्केट यार्डातले एक कांद्याचे आडते. शेतकऱ्याला द्यायची हिशेबपट्टी त्यांना संगणकावर हवी होती. "कशी हवी?" मी विचारलं. "साधी, सुटसुटीत." मी खूश! महिनाभर खपून राखाडी रंगाचा, बारीक अक्षरांचा, भरपूर मोकळ्या जागेचा नमुना केला. शेटजी "छान आहे" म्हणाले आणि पट्ट्या पुन्हा हातानेच लिहिल्या जाऊ लागल्या. उरलेले पैसे मागायची माझी हिंमत झाली नाही.

मग दोन दिवस सकाळपासून त्यांच्या गाळ्यावर जाऊन बसले. पट्टी लिहिणारे दिवाणजी साठीचे. बारीक अक्षर त्यांना दिसतच नव्हतं. शेतकरी पट्टी घेतली की आधी शेवटची ओळ बघायचा: हमाली, तोलाई वजा जाता हातात किती? ती रक्कम मी कोपऱ्यात टाकली होती. वर १,२५,४०० ऐवजी १२५,४०० असं छापलं होतं! आणि मोकळी जागा? शेटजी म्हणाले, "मॅडम, हिशेबात कोरी जागा सोडली की कुणीतरी आकडा घुसवतो." त्यांचं 'साधं' म्हणजे ओळखीचं, माझं 'साधं' म्हणजे रिकामं.

दुसऱ्या खेपेला पेन्सिलने कागदावर तीन नमुने काढले. दिवाणजींनी त्यातला एक उचलला. तो चालला, आणि पैसे न मागता मिळाले.

तेव्हापासून कामाआधी तीन गोष्टी विचारते. सध्या काय वापरता ते दाखवा. त्यातलं काय बदललेलं चालणार नाही? आणि रोज हाताळणार कोण? "आवडलं का?" एवढंच विचारून थांबत नाही, कारण आपली माणसं तोंडावर "छान"च म्हणतात.

शिवणाच्या बाई पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, तुम्ही म्हणायचात, "आधी माप, मग कात्री." माप न घेता शिवलेल्या माझ्या झबल्याचे तुम्ही गुण कापले होते, तेव्हा मी रडले होते. आज कबूल करते, बरोबरच केलंत. तो धडा इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला कुणी शिकवला नाही.