चाळणी



आयोजकांनी मला ‘परदेशातलं यश’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. त्या यशाबद्दल माझ्या मनात बरीच वर्षं घोळणारी एक गोष्ट आहे, तीच सांगते.

बारा वर्षं मी न्यू जर्सीत नोकरी केली. तिथं आमच्या ओळखीच्या घरांत एक वाक्य ठरलेलं असायचं : आपली मुलं अभ्यासात पुढे, कारण आपले संस्कारच तसे. मीही म्हणायचे. लेक सातवीत असताना तिला गणितात ‘बी’ ग्रेड मिळाली. म्हणजे तशी चांगलीच. पण ती रडत म्हणाली, “आई, आपल्यातल्या सगळ्यांना जमतं. मग मी आपल्यातली नाही का?” मला उत्तर सुचेना, कारण ते वाक्य तिनं माझ्याच तोंडून ऐकलं होतं.

पुढे ऑफिसातल्या एका चिनी मैत्रिणीनं मला एक पुस्तक दिलं. जेनिफर ली आणि मिन झोउ या दोन समाजशास्त्रज्ञांचं, २०१५ सालचं, ‘द एशियन अमेरिकन अचीव्हमेंट पॅरॅडॉक्स’. दहावीत नागरिकशास्त्राला मी कशीबशी तरले होते, हे बाईंना आठवत असेल. पण हे पुस्तक मी दोनदा वाचलं.

लॉस एंजेलिसमधल्या चिनी आणि व्हिएतनामी कुटुंबांच्या, आता मोठ्या झालेल्या मुलांशी बोलून त्यांनी हे संशोधन केलं. त्यांचा मुद्दा साधा आहे. पुस्तक आलं त्या सुमारास चीनमध्ये प्रौढांपैकी पदवीधर जेमतेम ४ टक्के होते. अमेरिकेत आलेल्या चिनी लोकांत मात्र निम्म्याहून जास्त. म्हणजे तिथं सगळा चीन पोचलेलाच नाही. चाळून निवडलेले लोक पोचले आहेत. ही चाळणी बऱ्याच अंशी १९६५ च्या कायद्यानं लावली. त्यात नातेवाइकांबरोबर शिकलेल्या, कुशल माणसांनाही प्राधान्य होतं. त्याच अमेरिकेनं १८८२ मध्ये चिनी मजुरांना दार बंद केलं होतं, तेव्हा चिनी म्हणजे अडाणी, असंच तिथं समजत. चिनी संस्कार तेव्हाही होतेच की! बदलला तो कायदा, आणि त्यातून आत येणारी माणसं.

आम्हा भारतीयांनाही हेच लागू. इंजिनिअरच्या व्हिसावर इंजिनिअरच येणार. मग त्यांच्या मुलांचं गणित बरं निघालं, तर त्यात नवल काय?

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. यशाचं माप एकदा ‘ए’ ग्रेड, नामांकित विद्यापीठ, डॉक्टर किंवा इंजिनिअर एवढंच ठरलं, की त्यात न बसणारी मुलं स्वतःला नापास समजतात. काही तर आपल्या समाजापासूनच तुटतात. माझ्या लेकीचा प्रश्न मला पुस्तकात छापलेला सापडला.

मग मला आपला वर्ग आठवला. भूमितीत माझ्यापेक्षा हुशार एक मुलगी माझ्याच बाकावर बसायची. नाव घेत नाही. ती समोरच बसली आहे आणि आत्ता माझ्यावर डोळे वटारते आहे. बारावीला तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. पण मुलीला हॉस्टेलवर ठेवायचं नाही, असं तिच्या घरी ठरलं. माझी आत्या कोथरूडला राहायची, म्हणून माझ्या घरचे तयार झाले. आमच्या दोघींमधला फरक एका आत्याचा. सत्कारात मात्र माझ्याच कष्टांचं कौतुक होतं. कष्ट केले, नाही म्हणत नाही. तिनं काय कमी केले?

त्याच संशोधनात एक उपयोगाची गोष्टही आहे. समाजातले शिकलेले लोक शिकवण्या, चांगल्या शाळा, प्रवेश यांची माहिती आपसांत फिरवतात. ती हॉटेलात राबणाऱ्या आईबापांच्या मुलांपर्यंतही पोचते, आणि ती मुलंही पुढे जातात.

तेवढं आपल्यालाही करता येईल. सर, महिन्यातला एक रविवार मला द्या. दहावीच्या मुलामुलींना प्रवेश, शिष्यवृत्त्या, वसतिगृहं यांची माहिती सांगायला मी येईन. आणि पुण्यात शिकायला येणाऱ्या एका मुलीसाठी माझ्या घरी खोली रिकामी आहे. तिला आत्या नसली तरी चालेल.