मुलीसाठीं फुटबॉलचा क्लब निवडतांना

पुण्याच्या पूर्वेस नगर रस्त्यावर वसलेलें वाघोली हें गांव एके काळीं वाघेश्वराच्या देवळामुळें आणि दगडाच्या खाणींमुळें ओळखलें जाई. २०२१ सालीं तें पुणें महानगरपालिकेंत सामील झालें. त्याच्या कितीतरी आधींपासून तेथें उंच इमारतींचीं संकुलें उभीं राहूं लागलीं होतीं. अशा संकुलांतील एखाद्या घरीं दहा-अकरा वर्षांची मुलगी शाळेंत फुटबॉल खेळूं लागते, तिच्या पायांतील चपळाई शिक्षकांच्या नजरेस भरते, आणि मग कोणीतरी सुचवितें, "हिला एखाद्या चांगल्या क्लबांत घाला." चांगला क्लब म्हणजे कोणता, हें मात्र कोणी सांगत नाहीं. एक क्लब घराजवळ असतो. त्याचें मैदान लहान, नांव त्याहून लहान. दुसरा शहराच्या पलीकडच्या टोकाला असतो. तो मुलींना मुंबईस, कोल्हापुरास, गोव्यास सामन्यांसाठीं नेतो. वडील वर्गणीचा हिशेब करतात, आई अंधार पडल्यावर मुलगी परत कशी येणार याचा विचार करते, आणि मुलगी गणवेशाचा रंग पाहते. तिघांचेंहि पाहणें आपापल्या परीनें रास्त आहे. पण या निवडींत पहिला मान ज्या प्रश्नाला मिळावयास हवा, तो वेगळाच आहे. ही मुलगी सोळाव्या वर्षींहि खेळत राहील काय, हा तो प्रश्न होय.

खेळणाऱ्या मुलींपैकीं पुष्कळजणी तेराव्या-चौदाव्या वर्षीं मैदान सोडतात, हें शाळांतील क्रीडाशिक्षकांच्या नित्य अनुभवाचें आहे. त्या वयांत शरीर बदलतें, अभ्यास वाढतो, लोकांच्या नजरा बोचूं लागतात, आणि बरोबरीच्या मैत्रिणी एकेक करून कमी होतात. कौशल्य अपुरें पडलें म्हणून खेळ सुटला, असें क्वचितच घडतें. बहुधा सोबत, सुरक्षितता किंवा वेळ अपुरा पडतो. म्हणून क्लबाची परीक्षा त्याच्या कपाटांतील चषकांवरून करण्यापेक्षां, त्याच्याकडे दहाव्या वर्षीं आलेल्या मुली पंधराव्या वर्षीं कोठें आहेत, यावरून करणें अधिक शहाणपणाचें.

असा प्रश्न आज एखाद्या घराला पडूं शकतो, हीच मोठी मजल आहे. ज्या पुण्यांत १८४८ सालीं जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढली, त्या पुण्यांतहि मुलींच्या मैदानाला फार काळ वाट पाहावी लागली. फुटबॉलचें माहेरघर जें इंग्लंड, तेथील संघटनेनें तर १९२१ सालीं हा खेळ स्त्रियांना योग्य नाहीं असें ठरवून आपल्या क्लबांचीं मैदानें त्यांना बंद केलीं, आणि ही बंदी सुमारें पन्नास वर्षें टिकली. भारतांत स्त्रियांच्या फुटबॉलची संघटना १९७५ सालीं स्थापन झाली. अवघ्या पांच वर्षांनीं, १९८० सालीं, कालिकत येथें भरलेल्या आशियाई स्पर्धेंत भारताचा स्त्रीसंघ दुसरा आला, आणि १९८३ सालीं बँकॉक येथें त्यानें तेंच स्थान पुन्हां मिळविलें. पुढें मात्र ही ज्योत मंदावली. शाळांची सुब्रोतो चषक स्पर्धा १९६० पासून चालू असतां तींत मुलींचा विभाग २०१२ सालीं उघडला. स्त्रियांची राष्ट्रीय लीग तर २०१६-१७ च्या हंगामांत सुरू झाली. २०२२ च्या आरंभीं आशियाई चषकाचे सामने पुण्याजवळ बालेवाडीच्या क्रीडानगरींत झाले, आणि जुलै २०२५ मध्यें भारतीय संघानें चिआंग माई येथें थायलंडला २ विरुद्ध १ असें हरवून पुढील आशियाई चषकांत प्रवेश मिळविला. वाट आहे, पण ती नवी आहे, आणि तिच्यावर मैलाचे दगड अजून थोडे आहेत.

नव्या वाटेवर मोठ्या नांवाचा मोह लवकर पडतो. या बाबतींत पुण्याचा अलीकडील इतिहास बोलका आहे. २००७ सालीं पुणें एफ. सी. हा व्यावसायिक क्लब निघाला. दहा वर्षें पुरीं होण्याच्या आंतच त्याचा कारभार आटोपला. डी. एस. के. शिवाजियन्स हा संघ राष्ट्रीय लीगमध्यें दोन हंगाम खेळून २०१७ सालीं बाहेर पडला. २०१४ सालीं निघालेल्या एफ. सी. पुणें सिटीनें स्त्रियांच्या पहिल्या राष्ट्रीय लीगमध्यें आपला संघ उतरविला होता. तो क्लबहि २०१९ सालीं बंद झाला. या क्लबांनीं चांगलें काम केलें नाहीं असें नव्हे. परंतु मालकाच्या भांडवलावर उभा असलेला क्लब त्या भांडवलाबरोबरच उठतो. उलट कोल्हापुराकडे पाहावें. तेथील फुटबॉल पेठांतून आणि तालमींतून वाढला. पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ हीं नांवें तेथील लोकांच्या तोंडीं घरच्या माणसांसारखीं असतात, आणि पिढी बदलली तरी संघ टिकून राहतो, कारण तो वस्तीचा असतो. हें वैभव तेथेंहि मुख्यतः मुलांच्याच वांट्यास आलेलें आहे, हें खरें. पण त्यांतील धडा मुलींच्याहि कामाचा आहे. क्लबाचें मूळ कोठें आहे, मैदान कोणाच्या हक्काचें आहे, वर्गणी बुडाली किंवा देणगीदार गेला तर सराव चालू राहील काय, हें पालकांनीं नाव घालण्यापूर्वीं विचारावें.

दुसरी गोष्ट अंतराची. वाघोलीहून बालेवाडीकडे जावयाचें तर अख्खें शहर ओलांडावें लागतें, आणि सायंकाळीं नगर रस्त्यावरील वाहनांची दाटी सर्वांच्या परिचयाची आहे. जाण्यायेण्यांत अडीच तास मोडत असतील आणि आठवड्यांतून तीनदां जावयाचें असेल, तर महिन्याकांठीं तीस तास केवळ वाहनांत जातात. हे तास झोपेंतून, अभ्यासांतून किंवा जेवणांतूनच कापले जाणार. सातवींत हें निभतें. नववी-दहावींत निभत नाहीं, आणि मग दोष मुलीच्या चिकाटीला दिला जातो. बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत तरी घराजवळचें साधें मैदान दूरच्या नामांकित मैदानापेक्षां हितावह ठरतें. पुढें मुलीची तयारी आणि ओढ दोन्ही दिसल्यास लांबचा प्रवास जरूर पत्करावा.

तिसरी गोष्ट प्रत्यक्ष खेळण्याची. जो क्लब दौऱ्यावर अठरा मुली नेतो आणि त्यांतील सहाजणींना बाकावरच बसवून परत आणतो, तो त्या सहाजणींना गांवें दाखवितो, फुटबॉल शिकवीत नाहीं. लहान वयांत प्रत्येकीचा पाय चेंडूला वारंवार लागला पाहिजे. म्हणूनच लहानांचे सामने पांच किंवा सात खेळाडूंचे, लहान मैदानावर घेण्याची पद्धति जगभर रूढ झाली आहे. आठ ते बारा वयाच्या मुलींना चार नंबरचा, म्हणजे सुमारें ६३ ते ६६ सेंटिमीटर घेराचा चेंडू दिला जातो. मोठ्यांचा पांच नंबरचा चेंडू ६८ ते ७० सेंटिमीटरांचा असतो. चिमुकल्या मुलींना मोठा चेंडू देऊन मोठ्या मैदानावर धांववणारा क्लब दिसला, तर तेथील शिक्षणाविषयीं वेगळें विचारण्याचें कारण उरत नाहीं. या वयांत मुलांबरोबर खेळण्यानें मुलींचें नुकसान होत नाहीं, उलट धिटाई येते. पण तेराव्या वर्षापुढें मुलींचा स्वतंत्र संघ आहे काय, हें आधींच पाहून ठेवावें. तो नसेल तर मुलीच्या खेळाचा शेवट जवळ येऊन ठेपलाच म्हणावयाचा.

चौथी गोष्ट शिकविणाऱ्याची. अखिल भारतीय फुटबॉल संघटनेच्या परवान्यांच्या 'डी', 'सी', 'बी', 'ए' अशा चढत्या पायऱ्या आहेत. प्रशिक्षकाकडे यांपैकीं कोणता परवाना आहे, हें विचारण्यांत संकोच नसावा. डॉक्टरची पदवी पाहतांना तो कोठें असतो? परंतु कागदापलीकडेहि पाहिलें पाहिजे. गुडघ्याच्या आंतील बंध तुटण्याची दुखापत वयांत येणाऱ्या मुलींना मुलांपेक्षां अधिक होते. तिच्यावर उपाय म्हणून सरावापूर्वीं सुमारें वीस मिनिटांचा ठराविक व्यायाम आंखून दिलेला आहे. नॉर्वेंतील १३ ते १७ वयाच्या मुलींच्या शंभराहून अधिक क्लबांत त्याची कसोटी घेण्यांत आली, आणि २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें एकंदर दुखापतींचें प्रमाण जवळजवळ तिसऱ्या हिश्शानें घटलें. ज्या मैदानावर मुली येतांक्षणींच गोलावर चेंडू मारूं लागतात, तेथें हें ज्ञान पोंचलेलें नाहीं. आहाराचेंहि तसेंच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते १९ वयाच्या भारतीय मुलींपैकीं ५९.१ टक्के मुलींत रक्ताची कमतरता आढळली. मुलगी धांवतांना लवकर दमते म्हणून तिला आळशी ठरविणारा प्रशिक्षक, आणि तिचें रक्त तपासून घ्या असें घरीं कळविणारा प्रशिक्षक, यांच्यांत केवढें अंतर आहे, हें कोणत्याहि आईला सांगावें लागणार नाहीं. मासिक पाळीच्या दिवसांत मुलीला मोकळेपणानें बोलतां येईल अशी एखादी स्त्री मैदानावर असावी, आणि स्वच्छ शौचालय असावें. या गोष्टी शोभेच्या नाहींत, यांवाचून मुली टिकत नाहींत.

पांचवी गोष्ट दौऱ्याची, आणि येथें कोणताहि संकोच कामाचा नाहीं. २०२२ सालीं भारताच्या १७ वर्षांखालील मुलींच्या संघाच्या युरोप दौऱ्यांत सहायक प्रशिक्षकावर लैंगिक गैरवर्तनाचा आरोप आला व त्याला पदावरून दूर करण्यांत आलें. राष्ट्रीय संघावर ही वेळ आली, तेथें लहान क्लबानें "आमच्याकडे असें होत नाहीं" एवढ्यावर पालकांचें समाधान करूं नये, आणि पालकांनींहि तें करून घेऊं नये. दौऱ्यावर जबाबदार स्त्री बरोबर असणार काय, मुली कोणाबरोबर खोलींत राहतील, प्रशिक्षक मुलीशीं एकटाच खोलींत किंवा वाहनांत असणार नाहीं असा नियम आहे काय, रात्रीं मुलीला घरीं बोलण्याची मुभा आहे काय, हे प्रश्न लेखी विचारावे. लैंगिक अपराधांपासून बालकांचें संरक्षण करणारा २०१२ चा कायदा अशी घटना कळूनहि ती दडपणाऱ्या संस्थाचालकाला शिक्षा सांगतो, आणि १०९८ या क्रमांकावर कोणतेंहि मूल मदत मागूं शकतें. चांगला क्लब या प्रश्नांनीं रागावत नाहीं. जो रागावतो, त्याचें उत्तर त्या रागांतच मिळालेलें असतें.

वर्गणीचा विचार शेवटीं सांगितला, तो ती गौण आहे म्हणून नव्हे. अमेरिकेंत मुलींच्या फुटबॉलची मोठी वाढ झाली, आणि तेथील स्त्रियांनीं १९९१, १९९९, २०१५ व २०१९ असें चार वेळां विश्वविजेतेपद मिळविलें. पण त्याच देशांत दौरे करणाऱ्या क्लबांचा खर्च सामान्य घरांना झेपत नाहीं, अशी तक्रार सतत चालूं असते. वर्गणी, गणवेश, बूट, स्पर्धेची फी, गाडीभाडें आणि मुक्काम, या साऱ्यांची वर्षाची बेरीज आरंभींच मागून घ्यावी. ज्या खर्चानें घराला ओढाताण होते, त्याची परतफेड मुलीनें विजयानें करावी अशी अपेक्षा नकळत निर्माण होते, आणि त्या ओझ्याखालीं खेळाचा आनंद गुदमरतो.

एवढें सगळें पाहावयाचें तर मैदानावर गेलें पाहिजे. माहितीपत्रकावरील छायाचित्रें पाहून निवड करण्याऐवजीं पालकांनीं तीन सायंकाळीं सराव पाहावा, आणि त्यांत एक सायंकाळ संघ हरल्यानंतरची असावी. सर्वांत उत्तम खेळणाऱ्या मुलीकडे पाहूं नये. सर्वांत कच्च्या मुलीकडे पाहावें. तिला चेंडू मिळतो काय, चुकल्यावर तिला शिकविलें जातें कीं हिणविलें जातें, आणि सराव संपल्यावर ती मैत्रिणींबरोबर हंसत निघते कीं एकटीच पिशवी उचलून चालूं लागते, हें पाहिलें म्हणजे क्लबाचें अंतरंग कळतें. आणि अखेरीस मुलीला विचारावें. आईवडिलांच्या नजरेला न दिसणारें तिला दिसतें. "तेथें मला भीति वाटते" किंवा "तेथें मला आवडतें" या तिच्या दोन शब्दांना चषकांच्या रांगेपेक्षां अधिक किंमत आहे.

वाघोलींतून निघालेली एखादी मुलगी उद्यां देशासाठीं खेळेल. बाकीच्या शेंकडों खेळणार नाहींत. पण त्या शेंकडोंपैकीं ज्या सोळाव्या, अठराव्या, विसाव्या वर्षींहि सायंकाळीं बूट बांधून मैदानावर उतरतील, त्यांच्या फुप्फुसांत बळ आणि चालण्यांत ताठपणा असेल. त्यांचा क्लब योग्य निवडला गेला होता असें समजावें.