खेळण्याच्या विटांचें नगर



आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं वडीलधाऱ्या मंडळींस हसूं येईल. आणि ज्यांच्या घरीं लहान मुलें आहेत त्यांस, अंधारांत पायाखालीं रुतलेली एखादी वीट आठवेल. सारा जन्म मुलांना गणित व भूगोल शिकविण्यांत घालविलेल्या माणसानें निवृत्तीनंतर खेळण्याच्या विटांवर बोलावें, हें थोडें विसंगतच दिसतें. परंतु मला या खेळाची जी ओढ लागली ती त्यांतील रंगांमुळें नव्हे. विटांचें नगर रचणें, तें लोकांस दाखविणें आणि तें एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं सुखरूप नेणें, या तिन्ही कामांत एकच प्रश्न पुनःपुन्हां समोर येतो. तो असा कीं, आपण जें जोडीत आहों तें कोठें सुटावें, हें आधीं ठरविलें आहे काय? या एका प्रश्नापुरतेंच मी आज बोलणार आहें.

खेळांतलें नगर रचण्याची हौस फार जुनी आहे. एच्. जी. वेल्स या सुप्रसिद्ध इंग्रज लेखकानें १९११ सालीं जमिनीवरच्या खेळांविषयीं एक छोटें पुस्तक लिहिलें. लांकडी ठोकळे, फळ्या व लहान बाहुलीं घेऊन मुलांसह जमिनीवर बेटें आणि शहरें कशीं मांडावीं, हें त्यांत सांगितलें आहे. त्याच सुमारास ई. नेस्बिट ही बालवाङ्मयाची लेखिका टेबलावर ठोकळ्यांचीं व घरगुती वस्तूंचीं जादूचीं नगरें रचीत असे. १९१२-१३ च्या हिवाळ्यांत लंडनच्या ऑलिंपिया सभागृहांत मुलांसाठीं भरलेल्या प्रदर्शनांत तिनें असें एक नगर मांडलें, व पुढें १९१३ सालीं या नगररचनेवर एक पुस्तकही प्रसिद्ध केलें. या दोघांच्याही ठोकळ्यांची अडचण एकच होती. ते एकमेकांस धरून राहत नसत. असें नगर उचलून नेतां येत नाहीं. तें उतरवावें लागतें आणि दुसऱ्या जागीं पहिल्यापासून पुन्हां रचावें लागतें.

ही अडचण पुढें डेन्मार्कमधील एका सुताराच्या घराण्यानें दूर केली. त्या देशांत बिलुंड नांवाचें लहानसें गांव आहे. तेथील ओले किर्क क्रिस्तियन्सन यानें मंदीच्या दिवसांत, १९३२ सालीं, लांकडी खेळणीं करण्यास आरंभ केला. ‘छान खेळा’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांचीं आद्याक्षरें जोडून १९३४ सालीं त्यानें आपल्या कारखान्यास ‘लेगो’ हें नांव दिलें. हिलरी पेज या इंग्रज गृहस्थानें काढलेल्या विटांचा नमुना पाहून १९४९ सालीं त्या कारखान्यांतून प्लास्टिकच्या विटा निघूं लागल्या. माथ्यावर गोल खुंट्या आणि आंतून पोकळ, अशी त्यांची घडण होती. परंतु पकड सैल असे. ओलेचा मुलगा गॉटफ्रेड यानें विटेच्या पोकळींत नळ्या बसविण्याची युक्ति काढली. २८ जानेवारी १९५८ रोजीं तिच्या पेटंटसाठीं अर्ज झाला, आणि वीट विटेस घट्ट धरूं लागली. तत्पूर्वीं, १९५५ सालींच, या कारखान्यानें विटांबरोबर रस्ते आंखलेला नगराचा नकाशा विकावयास काढला होता. म्हणजे या विटांचा आणि नगररचनेचा संबंध प्रारंभापासूनचा आहे.

गणिताच्या शिक्षकास मोह पडावा असें या विटांचें माप आहे. एका खुंटीच्या मध्यापासून शेजारच्या खुंटीच्या मध्यापर्यंत अंतर ८ मिलिमीटर. विटेची उंची ९.६ मिलिमीटर. पातळ पट्टी बरोबर तिच्या एकतृतीयांश, म्हणजे ३.२ मिलिमीटर. यामुळें पांच विटांची उंची आणि सहा खुंट्यांची लांबी नेमकी सारखी, ४८ मिलिमीटर भरते. म्हणून आडव्या-उभ्या बांधकामाचा मेळ बसतो. आठ खुंट्यांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या, तर त्या ९१,५१,०३,७६५ निरनिराळ्या प्रकारांनीं जोडतां येतात. १९५८ नंतरची वीट आजच्या विटेवर बसते, याचें कारण हें माप कोणीं मोडलें नाहीं.

परंतु पकड मिळाली आणि एक नवीनच अडचण उभी राहिली. जें घट्ट धरतें तें वाटेल तेवढें वाढवावेंसें वाटतें. रस्त्याला रस्ता, घराला घर जोडीत नगर खोलीभर पसरतें, आणि एके दिवशीं लक्षांत येतें कीं तें दारांतून बाहेर जाणार नाहीं.

माझ्या परिचयाच्या एका गृहस्थांची गोष्ट सांगतों. त्यांनीं सहा वर्षें खपून एक नगर उभें केलें. सहा फूट लांब, चार फूट रुंद अशा एकाच फळीवर तें होतें. बाजारपेठ, रेल्वेचें स्टेशन, नदीवरचा पूल, सारें एकमेकांत इतकें गुंतविलेलें कीं पाहणाऱ्यास कोठें शिवण दिसूं नये. याचाच त्यांना अभिमान होता, आणि तो अयोग्य होता असें मी म्हणणार नाहीं. पुढें मुलाच्या नोकरीमुळें त्यांना राहतें घर सोडावें लागलें. खोलीचें दार अडीच फुटांचें आणि जिना त्याहून अरुंद. फळी आडवी निघेना, आणि उभी करावी तर सारें नगर घरंगळून खालीं येणार. अखेर चार संध्याकाळीं बसून त्यांनीं तें सुटें केलें. घाईंत जें जसें निघेल तसें पोत्यांत भरलें. नव्या घरीं तीं पोतीं माळ्यावर गेलीं, तीं अद्याप उतरलेलीं नाहींत. विटा सर्व शाबूत आहेत, एकही हरवलेली नाहीं. नगर तेवढें हरवलें.

युरोप-अमेरिकेंतील हौशी मंडळींस ही अडचण फार आधीं जाणवली. डेन्मार्कमधील स्केअरबेक येथें किंवा अमेरिकेंत शिकागो येथें प्रतिवर्षीं अशा लोकांचे मेळावे भरतात. तेथें एकट्याचें नगर नसतें. कोणी दोन घरें आणतो, कोणी बंदर, कोणी आगगाडी, आणि सर्वांचें मिळून एक शहर उभें राहतें. हें साधावयाचें तर सर्वांनीं एक माप पाळलें पाहिजे. बहुधा बत्तीस खुंट्यांची चौरस पाटी हें तें माप असतें. ३२ गुणिले ८, म्हणजे २५.६ सेंटिमीटर बाजू झाली. पाटीवर एक वीट उंचीचे आधार उभारतात व त्यांवर पातळ पट्ट्यांचा थर देऊन जमीन तयार करतात. यानें तीन गोष्टी साधतात. पातळ पाटी उचलतांना वांकत नाहीं. जमिनीच्या पोटांत नदी किंवा तळें खोदतां येतें. आणि शेजारच्या पाटीशीं लहान खिळ्यांनीं सांधा जोडतां येतो. स्वतः कारखान्यानेंही २००७ सालापासून अशीं घरें काढलीं आहेत कीं ज्यांचा प्रत्येक मजला वेगळा उचलतां येतो आणि ज्यांच्या भिंती ठरलेल्या जागीं शेजारच्या घरास जोडतां येतात. त्यांतलें पहिलें, रस्त्याच्या कोपऱ्यावरचें उपाहारगृह, २,०५६ तुकड्यांचें होतें.

आतां माझ्या स्वतःच्या लहानशा नगराविषयीं. नातवाच्या निमित्तानें तें घरांत आलें, आणि तो शिक्षणासाठीं परगांवीं गेल्यावर माझ्याकडे राहिलें. त्यांत वर्तुळाकार रेल्वे आहे. रुळांचे सोळा वांकडे तुकडे जोडले कीं वर्तुळ पुरें होतें. त्याची त्रिज्या रुळांच्या मध्यापर्यंत चाळीस खुंट्या आणि रुळांची रुंदी आठ. तेव्हां बाहेरचा व्यास अठ्ठ्याऐंशीं खुंट्या, म्हणजे ७०.४ सेंटिमीटर झाला. तीन पाट्यांची लांबी ७६.८ सेंटिमीटर. म्हणून तीन गुणिले तीन, अशा नऊ पाट्यांत माझें नगर बसतें. या नऊ पाट्या मीं तीन फळ्यांवर, प्रत्येकीवर तीन अशा बसविल्या आहेत. एक फळी एका माणसास दोन हातांनीं उचलतां येते व ती कोणत्याही दारांतून जाते. जे रूळ दोन फळ्यांच्या सांध्यावर येतात ते शेवटीं बसवावयाचे आणि प्रथम काढावयाचे, एवढा नियम पाळला म्हणजे झालें.

गेल्या वर्षीं शेजारच्या तालुक्यांतील एका शाळेनें तें प्रदर्शनासाठीं मागितलें. चाळीस किलोमीटरांचा रस्ता होता. नेण्याची रीत थोडक्यांत सांगतों, कारण ती कोणास उपयोगीं पडेल. प्रथम चारी बाजूंनीं छायाचित्रें घ्यावीं. नंतर जें उंच व सडपातळ आहे, म्हणजे मनोरे, दिव्यांचे खांब, झाडें, तें काढून वेगळ्या डब्यांत ठेवावें. माणसें व मोटारीही काढून घ्याव्या. घरांचे मजले उतरवून प्रत्येकावर क्रमांकाची चिठ्ठी बांधावी. फळीएवढें पुठ्ठ्याचें खोकें घेऊन भोंवतालच्या फटींत जुनीं धोतरें किंवा साड्या हलक्या हातानें भराव्या. एखाद्या मोठ्या धक्क्यापेक्षां वाटभर चालणारी बारीक थरथर अधिक घातक असते. ती विटांची पकड हळूहळू सैल करते. म्हणून खोक्याखालीं जाड गोधडी असावी. गाडी उन्हांत उभी करूं नये. उष्णतेनें हें प्लास्टिक वांकतें, आणि नित्याच्या उन्हानें पांढऱ्या विटा पिवळ्या पडतात. सर्वांत महत्त्वाचें हें कीं, तेथें गेल्यावर जें प्रथम लागणार तें गाडींत सर्वांत शेवटीं ठेवावें. आमचा घड्याळाचा मनोरा तेवढा मीं मांडीवर घेऊन नेला. शाळेंत पोंचल्यावर चाळीस मिनिटांत नगर उभें राहिलें. चार झाडें तेवढीं आडवीं झालीं होतीं, तीं उभीं केलीं.

मांडणीचाही एक विचार आहे. टेबल मोठ्या माणसाच्या कमरेएवढें असेल तर लहान मुलांस केवळ छपरें दिसतात. आम्हीं तें वर्गांतल्या बुटक्या बाकांवर मांडलें, पायांखालीं पाचरी देऊन पातळी साधली, आणि हाताच्या अंतरावर दोरी बांधली. पण केवळ दोरी बांधून मुलांना ‘हात लावूं नका’ म्हणणें, म्हणजे भुकेल्यापुढें ताट ठेवून हात धरण्यासारखें आहे. म्हणून शेजारीं एक सतरंजी अंथरून त्यावर टोपलीभर सुट्या विटा ओतल्या. दोरीजवळची गर्दी आपोआप ओसरली व सतरंजीवर संध्याकाळपर्यंत मुलें बसून होतीं.

प्रदर्शन संपल्यावर मी रूळ काढूं लागलों, तेव्हां एक मुलगी जवळ येऊन उभी राहिली. तिनें विचारलें, “गुरुजी, एवढें सगळें आतां तुम्ही मोडणार?” मीं म्हटलें, “मोडत नाहीं, बाळ, सोडवतों आहें. ये, ही चिठ्ठी वाच आणि सांग पाहूं हा मजला कोणत्या डब्यांत जायचा.” तिनें सारे डबे भरूं लागले, आणि शेवटीं क्रमांक उलटे म्हणून पुन्हां जोडण्याचा क्रमही मला सांगून दाखविला.

मोडणें आणि सोडवणें यांत जो भेद आहे, तो मुलांस शिकविण्यास याहून चांगलें साधन मला शाळेंत सांपडलें नव्हतें. बिलुंड येथें १९६८ सालीं उघडलेल्या उद्यानांत याच विटांचीं मोठीं नगरें आहेत. पण तेथील विटा एकमेकींस चिकटविलेल्या असतात. उघड्यावर, पावसांत व गर्दींत तीं टिकावयाचीं म्हणून तें योग्यच आहे. हौशी मनुष्य मात्र डिंकाचा आश्रय करीत नाहीं. त्याचें नगर टिकतें तें त्याच्या सांध्यांवर, आणि सांधे कोठें आहेत हें दुसऱ्या कोणास तरी ठाऊक असण्यावर. क्रमांकांची वही न ठेवतां बांधलेलें नगर बांधणाऱ्याबरोबरच संपतें. माझें वय आतां साठीच्या पुढें गेलें आहे. माझी वही मीं नातवाकडे पाठवून दिली आहे, आणि तिची एक नक्कल त्या शाळेस दिली आहे.

ज्यांच्या घरीं असें एखादें अर्धें झालेलें नगर असेल, त्यांनीं पुढची वीट बसविण्यापूर्वीं एकदां आपल्या दाराची रुंदी मोजून घ्यावी, एवढीच माझी विनंती आहे.