मते निराळी, पाट शेजारी
(नांदेड येथील वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



निवडणूक येते नि जाते. घर मात्र टिकावयाचे असते. शेजारच्या लातूर जिल्ह्यातील निलंगा मतदारसंघ पाहा. २००४ साली नातू संभाजी पाटील यांनी आजोबांचा, माजी मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांचा, पराभव केला. २००९ साली आजोबांनी नातवावर मात केली. २०१४ साली काका-पुतणे समोरासमोर उभे राहिले. लढती मोठ्यांच्या होतात. अबोला मात्र आपल्या ओसरीवर येऊन बसतो.

माझ्याच घरची गोष्ट सांगतो. २०१४ च्या त्याच निवडणुकीत धाकटा बंधू व मी विरुद्ध मतांचे होतो. १९ ऑक्टोबरला निकाल लागला. त्याने थट्टा केली. मी वडील असूनही बोलणे टाकले. सहाव्या दिवशी भाऊबीज. बहिणीने दोन पाट शेजारी मांडले, निरांजन लावले आणि म्हणाली, "दादा, दोघे मिळून बसाल तरच ओवाळीन."

आम्ही बसलो. मते आजही निराळीच आहेत. पाट मात्र शेजारीच असतात.

मत गुप्त द्यावयाचे असते, नाते चारचौघांत निभवावयाचे असते. निकालानंतर पहिला शब्द वडीलधाऱ्याने बोलावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.